पीएस४ स्लिम: दिवा पांढरा, टीव्ही काळा. दुरुस्त करू की एक्स्चेंजमध्ये देऊ?

वाशिष्ठीकाठ:
पीएस४ स्लिम (सोनीच्या प्लेस्टेशन ४ गेम कन्सोलची बारीक आवृत्ती), ५०० जीबी, २०१८ची खरेदी, वॉरंटी केव्हाच संपली. बटण दाबलं की एक बीप, दिवा आधी निळा, मग पांढरा होऊन तसाच स्थिर. पंखा फिरतो, कंट्रोलर जोडला जातो. टीव्हीवर मात्र 'नो सिग्नल'. दोन टीव्ही, तीन केबली, सगळीकडे तेच. एचडीएमआय केबल घातली की पोर्टमध्ये जराशी डुगडुगते.

चिपळुणातल्या दुकानदाराने न उघडताच भाव सांगितला: पोर्ट गेला असेल तर ₹२,५००, आयसी (पोर्टमागची चित्र पाठवणारी चिप) गेली असेल तर ₹४,५००. पीएस५ घेताना एक्स्चेंजचा भाव विचारला तर बंद अवस्थेत ₹३,०००, चालू असेल तर ₹८,०००. पीएस५ घ्यायचाच आहे, पण या वर्षी घेईनच असं नाही. खेळांच्या १४ डिस्क आहेत. सेव्ह (खेळांतली साठवलेली प्रगती) सगळे आतल्या हार्ड डिस्कवर, पीएस प्लस (सेव्ह क्लाउडवर ठेवू देणारी सोनीची सशुल्क सेवा) कधी घेतलं नाही. काय करावं?

टाकणखार:
पांढरा दिवा स्थिर आहे म्हणजे मुख्य चिप, रॅम, पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क बहुतेक शाबूत आहेत. निळा दिवा लुकलुकत राहून कन्सोल बंद पडला असता तर मी पहिल्याच ओळीत 'देऊन टाका' लिहिलं असतं. तुमचा बिघाड चित्र बाहेर पाठवण्याच्या वाटेवर आहे. त्या वाटेवर तीनच गोष्टी येतात: पोर्ट, त्याच्यामागचे बारीक फिल्टर, आणि एचडीएमआयची आयसी. स्लिममध्ये ती पॅनासोनिकची एमएन८६४७२९ असते.

पैसे मोजण्याआधी घरी दोन गोष्टी करा.

पहिली, सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीपुरता साधा मेनू. कन्सोल पूर्ण बंद करा (रेस्ट मोड, म्हणजे नुसता झोपवलेला, नव्हे). बटण दाबून धरा. एक बीप लगेच येईल, दुसरी साधारण ७ सेकंदांनी. दुसरी वाजली की सोडा. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून पीएस बटण दाबा. केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने कंट्रोलर दिसणार नाही आणि तुम्ही उगाच कन्सोलला दोष द्याल. सेफ मोडचं चित्र ४८०पी असतं, म्हणून अर्धवट वाटेवरूनही कधी कधी पोचतं. चित्र आलं तर दुसऱ्या क्रमांकाच्या पर्यायातून रिझोल्यूशन बदलून पाहा. सहा आणि सात नंबरला हात लावू नका, ते सगळं पुसतात.

दुसरी, विजेरी घेऊन पोर्टच्या आत बघा, मोबाइलने जवळून फोटो काढा. मधल्या काळ्या जिभेवर वरच्या ओळीत १० आणि खाली ९ पिना एका रेषेत दिसल्या पाहिजेत. जीभ चिरली आहे का, एखादी पिन आत ढकलली गेली आहे का, दोन पिना एकमेकींना चिकटल्या आहेत का, ते सांगा.

आणि एक प्रश्न. चित्र गेलं ते केबल ओढली गेल्यावर, की पावसात वीज कडाडल्यावर? डिशच्या तारेतून झटका सेट-टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयच्या वाटेने कन्सोलपर्यंत येतो. तसं असेल तर पोर्ट बाहेरून कितीही ठणठणीत दिसला तरी आयसीवर संशय घ्यायचा.

जुनंपुराणं:
माझं मत वेगळं आहे. सात वर्षं चाललेल्या यंत्रात आज पोर्ट, उद्या डिस्क वाचणारा लेसर, परवा पॉवर सप्लाय. ₹३,००० मिळताहेत ते घ्या. हवं तर त्याआधी कंट्रोलर वेगळा विका, बंद कन्सोलच्या भावात तो फुकट जातो.

खालची_पट्टी:
@जुनंपुराणं, लेसर आणि पॉवर सप्लाय हे त्यातले सोपे भाग आहेत. सप्लाय अख्खा बदलतो, फक्त लेबलवरचा नंबर जुळवायचा. लेसरही बदलतो. बदलता येत नाही ती ड्राइव्ह चालवणारी चिप, कारण तिची मदरबोर्डशी जोडी कारखान्यातच लागलेली असते.

सेव्हबद्दल आधी बोलू या, कारण कन्सोल एकदा काउंटरपलीकडे गेला की हा विषय संपतो. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या पीएस४मध्ये घातली तर तो ती फॉरमॅट करायला सांगतो. डिस्कवरचा मजकूर त्याच कन्सोलच्या किल्लीने बंद असतो, संगणकालाही तो वाचता येत नाही. म्हणजे 'डिस्क काढून ठेवतो, सेव्ह राहतील' हा निव्वळ गैरसमज.

पण तुमचा कन्सोल चालू होतोय, नुसतं दिसत नाहीये. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर रिमोट प्ले (कन्सोलचं चित्र नेटवर्कवरून दुसऱ्या पडद्यावर दाखवणारं सोनीचं ॲप) टाका आणि त्याच खात्याने लॉगिन करा. पीएस४वर रिमोट प्ले आधीपासून सुरू असेल आणि तो कन्सोल तुमचा प्रायमरी (खात्याला मुख्य म्हणून जोडलेला) असेल, तर एचडीएमआय मेलेला असतानाही बऱ्याचदा चित्र मोबाइलवर येतं. आलं की पेनड्राइव्ह लावा, एफएटी३२ किंवा एक्सफॅट केलेला. सेटिंग्ज, ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट, सेव्ह्ड डेटा इन सिस्टिम स्टोरेज, कॉपी टू यूएसबी स्टोरेज डिव्हाइस. पीएस४चे हे सेव्ह पीएस५ पेनड्राइव्हवरून घेतो, खातं तेवढं तेच हवं. (उलट, पीएस५च्या खेळांचे सेव्ह पेनड्राइव्हवर सुटे काढता येत नाहीत, तिथे क्लाउडच. पुढे उपयोगी पडेल.)

वाशिष्ठीकाठ:
रिमोट प्ले चाललं! सेव्ह पेनड्राइव्हवर आले. सेफ मोडमध्ये काहीच दिसलं नाही. पोर्टमध्ये जीभ एका कडेला चिरली आहे आणि खालच्या ओळीतल्या टोकाच्या दोन पिना वाकून एकमेकींना टेकल्या आहेत. वीज वगैरे पडली नव्हती, कन्सोल फडताळातून पुढे ओढताना केबल अडकली होती.

टाकणखार:
मग पोर्ट तर गेलाच, ते नक्की. आता प्रश्न एवढाच की जाताना त्याने आयसीलाही नेलं का. खालच्या ओळीचं एक टोक म्हणजे १८ नंबरची पिन. तिच्यावर ५ व्होल्ट असतात आणि त्याच ओळीतली तिची शेजारीण १६ नंबरची, टीव्हीची माहिती वाचणारी. तुमच्या वाकलेल्या पिना याच असतील तर ५ व्होल्ट नको त्या जागी गेलेत. आयसी वाचली असेलही, नसेलही. दुसऱ्या टोकाला २ आणि ४ आहेत; २ ही ढाल (शील्ड, म्हणजे ग्राउंडला जोडलेली) असते, तिकडे धोका कमी.

म्हणून दुकानदाराला 'पोर्ट बदलून द्या' म्हणू नका. असं सांगा: पोर्ट काढा, आणि नवा बसवण्याआधी पिनांपासून आयसीकडे जाणाऱ्या रेषा मोजा. मल्टिमीटर डायोड मोडवर, लाल टोक ग्राउंडला, काळं टोक एकेका रेषेवर. चित्राच्या चार जोड्या, म्हणजे आठ रेषा. आठही वाचनं जवळपास सारखी आली पाहिजेत. मग १५, १६ आणि १९ बघायच्या. एखादी रेषा कोरडी, म्हणजे वाचनच नाही, तर बहुधा मधला फिल्टर उडालाय किंवा पॅड (पिन जिथे सोल्डर होते तो बोर्डवरचा तांब्याचा ठिपका) उचकटलाय. ते तारेने किंवा फिल्टर बदलून निभतं. एखादी शून्याजवळ बसली तर आयसी आतून शॉर्ट. तिथे हात थांबवायचा आणि तुम्हाला फोन करायचा. जुना पोर्ट जागेवर असताना मोजलं तर वाकलेल्या पिनाच शॉर्ट दाखवतील आणि चांगल्या आयसीचं बिल तुमच्या माथी येईल, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

आता हिशेब. चालू आणि बंद यांच्या भावात फरक ₹५,०००चा. नुसता पोर्ट ₹२,५००त होत असेल तर लगेच एक्स्चेंजला दिला तरी ₹२,५०० वर राहतात, आणि पीएस५ला वेळ असेल तर तोवर खेळायला कन्सोल आहे. आयसीसकट ₹४,५०० लागले तर वर उरतात ₹५००, आणि तेवढ्यासाठी बोर्डवर दोनदा गरम हवा खेळवायची. एक्स्चेंजच करायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. दोन वर्षं ठेवायचा असेल तर गोष्ट निराळी.

जुनंपुराणं:
हिशेबात एक गोष्ट राहिली. एक्स्चेंजवाल्याचा ₹३,००० भाव 'न उघडलेल्या बंद' कन्सोलचा आहे का? स्लिमच्या मागच्या बाजूला स्टिकरखाली स्क्रू असतात. स्टिकर फाटला आणि आत पोर्टच नाही असा कन्सोल घेऊन गेलात तर तो 'भंगार' म्हणून ₹१,००० सुद्धा म्हणेल. तसंच दुरुस्त केलेला कन्सोल ₹८,०००ला घेणार का, हेही उघडण्याआधी विचारा. भाव व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. काउंटरवर तोंडी सांगितलेला भाव दुसऱ्या माणसाला आठवत नाही.

आणि झुरळं! पॉवर सप्लायची ऊब त्यांना फार आवडते. मागच्या जाळीतून विजेरी मारून बघा, बारीक काळी विष्ठा दिसली तर दुकानदार तो टेबलावरही ठेवून घेत नाही. उघडणारच असाल तर साफसफाई त्याच वेळी होऊ दे.

टाकणखार:
@जुनंपुराणं, मान्य, स्टिकरचा मुद्दा मीच लिहायला हवा होता. तो भाव ठरल्याशिवाय स्क्रू फिरवू नका.

पोर्ट बदलणाऱ्याची पारख थोडक्यात: बोर्ड खालून गरम करायचा प्रीहीटर आणि सूक्ष्मदर्शक आहे का ते बघा. नुसत्या हॉट एअरने वरून भाजून पोर्ट उपटला की खालचे पॅड सोबत येतात. पोर्टचे चार पाय बोर्डात आरपार जातात आणि रुंद ग्राउंडला जोडलेले असल्यामुळे उष्णता शोषतात, म्हणून त्यांच्यावर आधी कमी तापमानाला वितळणारं सोल्डर मिसळून मग सोडवतात. नवा पोर्ट बसवल्यावर हे चारही पाय भरून सोल्डर झाले पाहिजेत. ते कोरडे राहिले तर केबल घालण्याचा सगळा जोर १९ बारीक पिनांवर येतो आणि सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच. पोर्ट स्लिमचाच हवा. जुन्या जाड पीएस४चा किंवा पीएस५चा त्या जागी बसत नाही.

'चिपला शेक देतो, होऊन जाईल' असं कोणी म्हणालं तर कन्सोल उचला आणि निघा. मुख्य चिपला शेक देऊन आलेलं चित्र थोड्याच दिवसांत परत जातं, आणि तुमची मुख्य चिप मुळात बिघडलेलीच नाही.

उघडला आहेच तर पंखा साफ आणि मुख्य चिपची थर्मल पेस्ट नवी करून घ्या. २०१८ची पेस्ट आतापर्यंत वाळलेली असणार. रॅमवरचे थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे लावायला सांगा. पॅडऐवजी पेस्ट थापली की मधली फट भरत नाही.

खालची_पट्टी:
पीएस५बद्दल एकच. १४ डिस्क आहेत, तेव्हा एक्स्चेंजच्या भरात डिजिटल आवृत्ती गळ्यात घालून घेऊ नका. एप्रिल २०२४मध्ये स्लिम पीएस५ भारतात आला तेव्हा डिस्कवाला ₹५४,९९० आणि डिजिटल ₹४४,९९० होता. ₹१०,०००चा फरक मोठा दिसतो, पण ड्राइव्ह नसेल तर तुमच्या डिस्क नुसत्या फडताळाची शोभा. स्लिमच्या डिजिटलला पुढे ड्राइव्ह जोडता येतो, तो पहिल्यांदा इंटरनेटवरून जोडून घ्यावा लागतो. पहिल्या पिढीच्या जाड डिजिटलला ती सोयच नाही, आणि दुकानात जुना साठा म्हणून नेमका तोच 'स्वस्तात' पुढे केला जातो.

कन्सोल द्यायच्या दिवशी आधी प्रायमरी काढा, मग इनिशियलाइझ (सगळं पुसून नव्यासारखं करणं), पूर्ण प्रकारचं. पूर्ण पुसायला काही तास लागतात, दुकानात उभं राहून होत नाही. आयसी गेली आणि बंदच द्यावा लागला तर आत्ता रिमोट प्ले चालतंय तोवर प्रायमरी काढायचं काम उरका. नाहीतर संकेतस्थळावरून सगळी यंत्रं एकदम काढावी लागतील, आणि ती मुभा सहा महिन्यांतून एकदाच.

वाशिष्ठीकाठ:
एक्स्चेंजवाल्याने लिहून दिलं: स्टिकर फाटलेला चालेल, बंद असेल तर ₹२,५००, दुरुस्त होऊन चालू असेल तर ₹७,५००. फरक तोच राहिला. चिपळुणातल्या दुकानात सूक्ष्मदर्शक नाही. भाऊ पुढच्या आठवड्यात मुंबईला जातोय, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात द्यावा म्हणतो.

टाकणखार:
बरं होईल. रविवारी पाठवू नका, तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. भावाजवळ टीव्हीवर चाललेली एक एचडीएमआय केबल आणि कंट्रोलर द्या. घेताना १०८०पीवर अर्धा तास चालवून बघायचं, आणि केबल हलक्या हाताने वरखाली हलवून चित्र तुटतंय का तेही. पोर्ट काढल्यावरच्या मोकळ्या पॅडचा फोटो मागवा, जुना पोर्ट परत घ्या, आणि कामाची वॉरंटी बिलावर महिन्यांत लिहून घ्या. खेळाची डिस्क आत राहिलेली नाही ना, तेवढं निघण्याआधी बघा.

वाशिष्ठीकाठ:
राहिली होती. काढली.