मदत हवी आहे: टीममधल्या वेगवेगळ्या गरजा कशा सांभाळता?
मंडळी, नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात आमची सहा जणांची टीम आहे. कामात सगळे पक्के, पण सूर जुळत नाही. एकाला तर्री-पोहे खायला सोबत नेलं नाही तर तो दिवसभर गप्प. दुसरीला तिचं काम तिच्या पद्धतीनं करू द्यावं, एवढंच हवं. परवा मी तिची एक्सेल शीट न विचारता दुरुस्त केली. तिनं लॅपटॉप मिटला आणि उठून गेली. चूक माझीच.

मानसशास्त्रज्ञ विल शुट्झ यांच्या १९५८ च्या फायरो (FIRO) या माणसांमधल्या नात्यांविषयीच्या सिद्धांतात सामावून घेणं, नियंत्रण आणि जिव्हाळा अशा तीन गरजा आहेत. आपण इतरांशी कसं वागतो आणि त्यांच्याकडून काय हवं असतं, हे त्यात वेगवेगळं पाहतात. मला ते पटलं. पण कोणाला न दुखावता हा विषय काढायचा कसा? एकेकट्याशी बोलू की सगळ्यांना एकत्र बसवू? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.