दहा दिवस सुट्टी घेऊनही थकवा गेला नाही : बर्नआउटमधून सावरलेल्यांचे अनुभव हवे आहेत

नमस्कार.

माझे वय ४३. गेली पंधरा वर्षे पुण्यात स्वतःची सीए प्रॅक्टिस चालवते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेची जीएसटी विवरणपत्रे, जुलैअखेर आयकर, सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट हे चक्र मला नवे नाही. किंबहुना मुदतीच्या आठवड्यात रात्री अकराला टपरीवरचा चहा पिताना मला मनापासून मजा येत असे, हे आधीच सांगते, म्हणजे "आवडत नसेल तर सोडून दे" हा सल्ला कोणी देणार नाही.

गेल्या सप्टेंबरात एका जुन्या क्लायंटने व्हॉट्सॲपवर खरेदीच्या बिलांचे बावीस फोटो पाठवले, त्यातले निम्मे आडवे आणि अंधुक. एरवी "काका, आता स्कॅनर घ्या" म्हणून मी हसले असते. त्या दुपारी मात्र फोन पालथा ठेवला आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या एकाच लेजरकडे चाळीस मिनिटे नुसती बघत बसले. तेव्हापासून ताळेबंद जुळला तरी काही वाटत नाही, नाही जुळला तरी काही वाटत नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षी ज्या काकांनी न मागता आगाऊ फी दिली, त्यांचाच फोन वाजला की कपाळाला आठी पडते, याची लाज वाटते.

दिवाळीनंतर दहा दिवस गुहागरला आत्याकडे राहिले. चार दिवस झोपण्यात गेले, आठव्या दिवशी बरे वाटू लागले, आणि परतल्यावर सोमवारी दुपारी डबा उघडायच्या आत ते बरे वाटणे संपलेही होते.

'बर्नआउट' हा शब्द १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांबद्दल लिहिताना वापरला, आणि मन लावून काम करणाऱ्यांनाच याचा धोका अधिक, हे त्यांचे म्हणणे मला पटते. जागतिक आरोग्य संघटना याला आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानते आणि तिच्या तीन खुणा सांगते : शक्ती संपणे, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. पहिली माझ्या सवयीची आहे; दुसरीने मी घाबरले आहे. क्रिस्टिना मॅस्लाक आणि मायकेल लायटर या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत कामाचा बोजा हे सहापैकी एकच कारण आहे; कामावरचा ताबा, मोबदला, माणसांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये ही उरलेली पाच. सुट्टीत बोजा तेवढा उतरतो, बाकीचे सारे टेबलावर तसेच असते, हे कळले. परंतु इथे मालकीण मीच असल्याने तक्रार कोणाकडे करायची?

स्वतःचा व्यवसाय असलेल्यांनी कामे कमी केली असतील, तर क्लायंटला नेमके काय सांगितले, आणि कडवटपणा जायला किती महिने लागले, हे कृपया लिहावे. मी यादी काढली, तर ६४ पैकी नऊ जण सर्वाधिक वेळ खातात आणि सर्वांत कमी फी देतात. त्यांतले तिघे नातेवाईक आहेत, म्हणजे प्रश्न फक्त हिशेबाचा नाही.

दुसरी शंका नैराश्याची आहे. शनिवारी भाच्याबरोबर कॅरम खेळताना मी रमते, म्हणून हे कामापुरतेच असावे असे वाटते. तरी पहाटे चारला जाग येणे वाढले आहे. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून झाले, सर्व ठीक आहे. अशा वेळी आधी समुपदेशकाकडे जावे की थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे? चालणे आणि प्राणायाम चालूच आहेत, त्यामुळे तो सल्ला वगळला तरी चालेल.

एप्रिलपासून नव्या वर्षाची कामे घ्यायची असल्याने मार्चअखेरपर्यंत ठरवायला हवे. त्या नऊ जणांसाठी काम सोडत असल्याची पत्रे टाइप करून ठेवली आहेत. अजून एकही पाठवलेले नाही.