गाड्यावरची गोबी की एसीतली थाय करी?

झारा_हाती
'बेळगावात एशियन कुठं खावं' या धाग्यावर परवा एका महाशयांनी निकाल देऊन टाकला: "गाड्यावर मिळतं ते चायनीज नव्हेच. अस्सल पाहिजे तर एसीत बसा, चारशे रुपये मोजा." तिथं उत्तर मावेना म्हणून हा वेगळा धागा.

अस्सलपणाचं म्हणाल तर मंच्युरियन मुळात मुंबईचं. १९७५ च्या सुमारास नेल्सन वँग या आचाऱ्यांनी ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं, असं सांगतात. म्हणजे चीनचा दाखला एसीतल्या मंच्युरियनलाही मिळायचा नाही.

खरं कसब फ्राइड राइसमध्ये दिसतं, आणि ते आचेवर आहे. गाड्यावर हाय प्रेशर शेगडी, पातळ लोखंडी कढई, एका वेळी एक-दोन प्लेट. भात आधीच शिजवून, पसरून गार केलेला, शीत न् शीत सुटं. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर इथं कामाचा नाही, चिकटतो. जुना सोना मसुरी चालतो. कढईतून धूर निघाला की तेल, लसूण, अर्धा मिनिट कोबी-गाजर, मग भात. सोया सॉस कढईच्या कडेनं सोडायचा. मधोमध ओतला की भात भिजतो. कडेला चरचरला की तो भाजका वास येतो, ज्यासाठी लोक गाड्याभोवती उभे असतात. दोन मिनिटांत प्लेट हातात.

बिघडतं ते रविवारी. गर्दी झाली की सहा प्लेटचा भात एकदम कढईत पडतो, आच पुरत नाही, कोबीला पाणी सुटतं आणि मसालेभात होतो. गाड्यावर खायचं तर सात वाजायच्या आत जावा.

टेबल_चार
तो महाशय मीच. भाताचं प्रवचन छान झालं. आता त्याच गाड्यावर थाय ग्रीन करी करून दाखवा. गलंगल (आल्यासारखं थाय मूळ), मकरूट लिंबाची पानं, थाय तुळस यातलं काय मिळतं तिथं? गलंगलच्या जागी आलं घातलं की चवीचा सगळा तोल जातो. चारशे रुपये त्या मालाचे आहेत.

खानापूर_वेस
मालाचे? बघू. ग्रीन करीत आधी नारळाचं घट्ट दूध एकटंच आटवायचं, तेल सुटेपर्यंत. त्या तेलात वाटण परतायचं, पातळ दूध नंतर. पाकिटातल्या बऱ्याच दुधांत ते फुटू नये म्हणून स्टॅबिलायझर असतो, म्हणून त्याला तेल सुटतच नाही. मग आचारी वाटण तसंच दुधात उकळतो आणि कच्च्या वासाचं हिरवं सूप पुढ्यात येतं. गोवा इतकं जवळ, नारळाला काय तोटा? पण किसून, पिळून दूध काढायला माणूस लागतो आणि पाकीट कात्रीनं उघडतं.

निपाणीची_शाकाहारी
आणि त्या 'व्हेज' ग्रीन करीचं वाटण डब्यातलं असेल तर मागचं लेबल वाचलंय का कुणी? बऱ्याच थाय वाटणांत सुकट कोळंबीची पेस्ट असते. वेटरला विचारलं तर "प्युअर व्हेज मॅडम" म्हणून मोकळा. डबा दाखव म्हणायचं.

पण गाडेवाल्यांचे गोडवे गाणाऱ्यांनो, रंगाचं काय? मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंच्युरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित रंग निघाले होते. तरी गोबी अजून लालभडकच.

रेल्वेगेट
रोडामाइन रंग असतोय त्यात, कॅन्सर होतोय. बंदच करा सगळे गाडे.

झारा_हाती
अर्धवट वाचून बोलू नका. रोडामाइन-बी सापडलं ते बॉम्बे मिठाईत, म्हणजे कॉटन कँडीत. गोबीत टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन. आणि बंदी गाड्यांवर नाही, रंगावर आहे. मोठ्या हॉटेलालाही तीच. सात वर्षांपर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड.

निपाणीची_शाकाहारी
मग रंगाशिवाय लाल करून दाखवा की.

झारा_हाती
ब्याडगी मिरची! हावेरी जिल्ह्यातली, आपल्याच बाजारात मिळते. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. किलोभर फ्लॉवरला आठ-दहा मिरच्या बिया काढून अर्धा तास गरम पाण्यात ठेवायच्या, बारीक वाटून गाळायच्या. हे वाटण सॉसमध्ये घालायचं. पिठात घातलं तर तळताना काळपट पडतं, आणि बहुतेक जण इथंच फसतात नि परत डबीतल्या रंगाकडं वळतात.

फ्लॉवर मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग कापडावर कोरडा. ओला राहिला तर पीठ सुटून तेलात पडतं. पीठ मैद्यापेक्षा कॉर्नफ्लॉवर जास्त, असं धरायचं. दोनदा तळायचं: आधी मध्यम आचेवर पिवळट, निथळून पाच मिनिटांनी कडक तेलात मिनिटभर. सॉसमध्ये टाकली की लगेच वाढायची, नाहीतर लगदा.

रेल्वेगेट
एवढं कोण करतंय साठ रुपयांत? रंगाची चिमूट स्वस्त पडते. आणि मेनूकार्डावर मराठी एक अक्षर नाही, त्यावर कोण बोलणार?

खानापूर_वेस
तो वाद घालायला गावात दुसऱ्या जागा कमी आहेत का? खाण्यावर बोला.

टेबल चार, तुमच्या 'सिचुआन' (म्हणजे शेजवान) डिशबद्दल एक विचारायचंय. सिचुआन मिरी जिभेला मुंग्या आणते. आली कधी? ते झाड आपल्या तिरफळाच्याच वंशातलं आहे. तिरफळ कोकण-गोव्याच्या माशाच्या आमटीत पडतंच. काळी बी काढून टाकायची, ती कचकचते. नुसतं टरफल कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत शेकून जाडसर कुटायचं. दोन प्लेटला चार-पाच टरफलं बास, जास्त झालं की कडू. गाड्यावरच्या शेजवानमध्ये हे नसतं हे मान्य, पण साडेतीनशेच्या प्लेटमध्येही तीच लसूण-मिरचीची चटणी असेल तर अस्सल म्हणजे काय, पांढरा रुमाल?

टेबल_चार
तिरफळाचं बरोबर, लागलं मनाला. आता गाडेवाल्यांनाही विचारा, तेल कधी बदलतात? तेलातली पोलर संयुगं (तेल परत परत तापवून खराब झालं की वाढतात ती) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरायचं नाही, असा देशभरचा नियम २०१८ पासून आहे. मोजायचं यंत्र गाड्यावर नसणार, पण डोळे असतात: फेस बसत नाही, तेल दाट नि काळं, मध्यम आचेवरच धूर.

झारा_हाती
गाड्यावरची कढई निदान ऑर्डर द्यायच्या आधी दिसते. तुमच्या हॉटेलातली दाराआड असते. पुढच्या वेळी बिल द्यायच्या आधी किचन बघायला मागा, आणि काय उत्तर मिळतं ते इथं लिहा.