प्रतिसाद : अडतं ते खेळत्या भांडवलापाशी

‘पीएफमुळेच छोटे कारखाने 19 माणसांवर थांबतात’ हे अर्धंच खरं. 20वा माणूस घेतला की पीएफ लागू होतो आणि पुढे संख्या घटली तरी सुटत नाही. म्हणून माणसं विभागून आकडा 20च्या आत ठेवायला बायकोच्या नावाने दुसरी फर्म निघते. पण 15,000 पगारावर मालकाचा 12 टक्के हिस्सा 1,800च होतो. खरी मेख उधारीत आहे. जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्या कारखान्याने दिलेल्या कामासाठी, पाच माणसं वाढवली तर पगारच महिना 75,000. बिल 90 दिवसांनी सुटलं तर सव्वादोन लाखांचं खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा खर्च चालवायचा पैसा, आधी खिशातून! लघुउद्योगांच्या कायद्यात बिल चुकवायची कमाल मुदत 45 दिवसांची, उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याजही. पण एकुलत्या एक गिऱ्हाइकावर दावा कोण ठोकणार? मग भरती कंत्राटी, नाहीतर ओव्हरटाइम.