आपला रोहित, त्यांचा हार्दिक: हुर्यो उडवणं हा चाहत्यांचा हक्क आहे का?

चाळीतला ओपनर: रोहित शर्माला काढून हार्दिक पंड्याला मुंबई इंडियन्सचा कॅप्टन केलं, ते मलाही पटलं नव्हतं. पाच ट्रॉफ्या जिंकून देणाऱ्याला असं बाजूला करतात का? पण १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध जे झालं ते मला अजून खुपतं. टॉसला हार्दिकचं नाव घेतल्याबरोबर एवढी हुर्यो उठली की कॉमेंटेटर संजय मांजरेकरांना माइकवरून लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. आमच्या पुढच्या रांगेत दहा-एक वर्षांचा पोरगा हार्दिकची ३३ नंबरची जर्सी घालून बसला होता. मागून कुणीतरी ‘ए गद्दार’ म्हणून त्याला हाक मारली, दोन-चार जण खिदळले. बापाने काही न बोलता पोराला जर्सी उलटी करून घालायला लावली. त्या पोराने कुणाचं काय घोडं मारलं होतं? हार्दिकच्या बोलिंगची हवी तेवढी चिरफाड करा. पण तो ज्याला आवडतो त्याला तोंड लपवावं लागत असेल, तर हे कसलं रोहितप्रेम? बाउंड्रीजवळ उभ्या असलेल्या रोहितनेच त्या दिवशी हाताने खुणावून लोकांना थांबायला सांगितलं होतं.

गरवारे स्टँड: पोराशी वागले ते चूकच. पण त्यावरून अख्ख्या स्टेडियमला संस्कार शिकवू नका. विरार लोकलला लोंबकळत येऊन, तिकिटाचे पैसे मोजून बसलेल्या माणसाने नाराजी सांगायची कशी? मालक त्याला विचारून कॅप्टन बदलतात का? आमची हुर्यो त्या निर्णयाला होती. आणि वानखेडेने सचिनलाही सोडलं नव्हतं. २००६ ला इंग्लंडविरुद्धच्या टेस्टमध्ये तो १ वर आउट झाला तेव्हा काही लोकांनी त्याचीही हुर्यो उडवली. हे पब्लिक कुणाचं मिंधं नाही, म्हणून त्याच्या टाळीला किंमत आहे.

चाळीतला ओपनर: निर्णय मालकांचा, मग शिव्या हार्दिकला का? आणि सचिनचं उदाहरण अभिमानाने काय सांगता, मला तर ते वाचूनच कसंतरी झालं.

सातारकर: चेन्नई, १९९९. पाठदुखीत सचिनचे १३६, तरी पाकिस्तानकडून १२ धावांनी हार. पाकिस्तानी टीमने मैदानाला फेरी मारली तेव्हा चेन्नईचं चेपॉक स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

गरवारे स्टँड: बरोबर, खेळाला दाद दिली. तेच आम्हीही केलं. २०२४ च्या टी-२० वर्ल्ड कपच्या बार्बाडोसमधल्या फायनलमध्ये हार्दिकने दक्षिण आफ्रिकेच्या क्लासेनला काढलं, शेवटच्या ओव्हरला १६ धावा वाचवल्या, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ घुमलं. मान कमवावा लागतो दादा, आधीच मागून मिळत नाही.

मध्यंतर: खेळाडूला मान कमवावा लागतो, मान्य. पण चाहत्याने तो कशासाठी कमवायचा? माझे वडील गिरणीची पाळी संपवून लालबागच्या ‘भारतमाता’ला दादा कोंडक्यांचे सिनेमे बघायला जायचे. दादांच्या नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव झाले, गिनीज बुकात नोंद झाली, तरी आमच्या एका शिकलेल्या नातेवाइकांनी वडिलांना भर पंगतीत ‘तुम्ही पिटातले लोक’, म्हणजे थिएटरात पुढच्या स्वस्त तिकिटावर बसणारे, म्हणून ऐकवलं होतं. वडील नुसतेच जेवत राहिले. सिनेमा आवडला नाही म्हणा की! द्व्यर्थी संवाद मलाही कधीकधी नको होतात. पण त्या टोमण्याचा रोख सिनेमावर नव्हताच, माझ्या बापाच्या पायरीवर होता. जर्सी उलटी करायला लावणारेही त्याच जातकुळीतले.

गरवारे स्टँड: मध्यंतर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. शेजारच्याच्या जर्सीवरून कुणी बोललं तर त्याला आमच्या स्टँडनेच गप्प केलं पाहिजे, हे पूर्ण मान्य. पण कॅप्टनबद्दलचा माझा आवाज मी खाली घेणार नाही. पटलं नाही तर पुढच्या मॅचलाही ओरडेन.

चाळीतला ओपनर: ओरडा. फक्त टॉसलाच कशाला? त्याने कॅच सोडला, ओव्हर वाया घालवली की ओरडा, मीही तुमच्यासोबत असेन. बॉल पडायच्या आधीच्या हुर्योला माझा विरोध आहे, आणि तो राहणार.