प्लोवदिवला जावं का?

रत्नांग्रीकर: मंडळी, मुलगा बल्गेरियात, सोफियात नोकरीला आहे, आंबे उरकले की जायचं म्हणतोय. तिथलं प्लोवदिव शहर खरंच बघण्यासारखं आहे का नुसतेच दगड? हिच्या गुडघ्यांचा पण प्रश्न आहे.

गुहागरची_सून: जाच काका! सोफियाहून बसने दोन-अडीच तास. मेन रोडवर कपड्यांची दुकानं, लोक आइस्क्रीम खात फिरतायत आणि मधेच खाली वाकून बघावं तर रोमन स्टेडियमच्या पायऱ्या, दुसऱ्या शतकातल्या, बाकीचं अख्खं स्टेडियम दुकानांखाली गाडलेलं, मी तर बघतच राहिले. वर टेकडीवरचं रोमन थिएटर १९७०च्या दशकात उकरून काढलं, आता तिथे ऑपेरा होतात. जुन्या भागातली रंगीत घरं १९व्या शतकातली, वरचा मजला रस्त्यावर पुढे आलेला. पण रस्ते म्हणजे गोटेच गोटे हां, काकूंना स्पोर्ट शूज घालायला लावा.

मालवणी_भटको: थंय 'होय' म्हणूक मान आडवी हलवतत. चाय आसा काय इचारल्यार तेणी तशी मान हलवली तर उठान चलू नको, चाय आसा! आणि १ जानेवारी २०२६ पासून युरो चालता, कोण जुने लेव्ह देवूक इलो तर घेव नको.

रत्नांग्रीकर: बरं झालं सांगितलंत. मासे?

गुहागरची_सून: समुद्र लांब हो काका, पार पूर्वेला. सकाळी गरम बनित्सा खा, आत चीज असतं, सोबत आयरान, म्हणजे आपलं ताकच.