मुलीवर जीव आहे, तरीही मनातले दुःख का संपत नाही?

प्रश्न (एक आई, सातारा जिल्हा):
माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यात गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल आला आणि तिला डाऊन सिंड्रोम (एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत, ज्यामुळे शारीरिक आणि बौद्धिक वाढ मंद होते) असल्याचे नक्की झाले. सहाव्या महिन्यात हृदयातील छिद्राची शस्त्रक्रिया झाली. आता ती आधाराशिवाय बसते आणि हाक मारली की मान वळवून हसते. तिच्यावर माझा जीव आहे. तरीही तिच्याच महिन्यात जन्मलेला जावेचा मुलगा अंगणात दुडुदुडु चालताना दिसला की मी न्हाणीघरात जाऊन रडते, आणि त्या रडण्याचीच मला नंतर लाज वाटते. सासूबाई अजूनही ग्रहणात मी काय चिरले याची आठवण काढतात. यजमान या विषयावर बोलतच नाहीत. ‘देव अशी मुले खास आईच्याच पदरात घालतो’ असे कोणी म्हटले की मला अधिकच एकटे वाटते. हे दुःख कधी संपते का? की माझ्यातच काही कमी आहे?

उत्तर १ (बावीस वर्षांच्या मुलाची आई, ठाणे):
ताई, तुमच्यात काहीही कमी नाही. सायमन ओल्शान्स्की नावाच्या अमेरिकी समाजसेवकाने 1962 मध्ये लिहून ठेवले आहे की बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांचे दुःख आयुष्यभर अधूनमधून परत येते आणि ती त्यांच्या परिस्थितीला दिलेली स्वाभाविक प्रतिक्रिया असते. माझाही अनुभव तसाच आहे. शाळेत नाव घालताना ते आले. पुढे मुलाच्या बरोबरीच्यांचा दहावीचा निकाल लागला आणि इमारतीत पेढे वाटले गेले, तेव्हा पुन्हा आले. मधली कित्येक वर्षे मात्र आम्ही मजेत होतो. हल्ली तो सकाळी माझ्याआधी उठून चहाचे कप मांडतो, आणि एखादा जास्तीचा मांडला गेला तर माझ्यावरच हसतो.

एक चूक मात्र मी केली, ती तुम्ही करू नये. स्नायू सैल असल्याने व्यायाम हवेत, बोलणे उशिरा येणार म्हणून वाचोपचार हवेत, हे सगळे खरे आहे. पण पहिली पाच वर्षे मी त्याची आई कमी आणि प्रशिक्षक जास्त झाले होते. चेंडू हाती दिला तरी त्यामागे पकड सुधारण्याचा हेतू असे, आणि एखादा दिवस व्यायामाविना गेला तर रात्री मला अपराधी वाटे. शेवटी आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीच रविवारी काहीही करायचे नाही असे बजावले, तेव्हा कुठे मी त्याला नुसते मांडीवर घेऊन बसायला शिकले.

‘खास आई’ या कौतुकाबद्दल तुम्ही लिहिलेत ते मला पूर्ण पटते. ते म्हणणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या मुलाला दोन तास सांभाळायला येतात, ते पाहावे!

उत्तर २ (समुपदेशक, पुणे):
आधी ग्रहणाविषयी. बहुतांश बालकांमध्ये हे एकविसावे जादा गुणसूत्र बीजपेशी (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) तयार होताना, म्हणजे गर्भ राहण्यापूर्वीच आलेले असते. त्यामुळे गरोदरपणात काय चिरले किंवा काय खाल्ले याचा त्याच्याशी संबंध असूच शकत नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते हे खरे असले, तरी एकूण बाळंतपणेच तरुण वयात अधिक होत असल्याने अशी बरीच बालके तरुण मातांच्याच पोटी जन्मतात. तीन-चार टक्के बालकांमध्ये गुणसूत्राचे स्थानांतरण (जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असणे) आढळते आणि त्यांपैकी काही वेळा ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेले असते. तुमच्या अहवालात तसे असेल तरच तुम्हा दोघांची तपासणी आवश्यक ठरते. हे सासूबाईंना तुम्ही सांगण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेले अधिक उपयोगी पडेल. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्यावे.

अधूनमधून येणारे दुःख आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. सलग दोन आठवडे बहुतेक वेळ मन उदास राहणे, मूल झोपले असतानाही झोप न येणे, भूक मरणे, आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणे अशी लक्षणे असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी, कारण बाळंतपणानंतर या दोन्ही गोष्टी मन खचवू शकतात. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतूनही बोलता येते.

उत्तर ३ (नऊ वर्षांच्या मुलीचा बाप, नाशिक):
तुमच्या यजमानांच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो. मुलगी झाल्यावर मी दीड वर्ष जादा पाळ्या मागून घेतल्या. घरी सांगायला पैशाचे कारण होते. खरे कारण असे की घरात पाऊल ठेवले की मला ‘आमच्यानंतर हिचे कोण?’ एवढेच सुचत असे. तो प्रश्न मी एकट्याने छातीवर घेऊन बसलो आणि पत्नीला वाटले की मला काहीच वाटत नाही.

मला बोलते केले ते कागदपत्रांनी. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड काढायला रांगेत उभा राहिलो, तिथे दुसरे बाप भेटले. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार अठरा वर्षांनंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते, आणि त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, हे मला त्यांच्याकडूनच कळले. चिंता गेली असे म्हणणार नाही, पण तिच्याबाबत करण्यासारखे काही हाती आले. यजमानांना ‘बोला’ म्हणू नका. एखादे काम संपूर्णपणे त्यांच्यावर सोपवा, आणि ते चुकले तरी मध्ये पडू नका.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
सर्वांचे आभार. अहवाल पुन्हा काढून पाहिला. त्यात स्थानांतरण नाही. झोपेबद्दल समुपदेशकांनी लिहिलेले मात्र मला तंतोतंत लागू पडते, म्हणून सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिसरे उत्तर यजमानांना वाचायला दिले. ते काही बोलले नाहीत. मंगळवारी व्यायामासाठी मुलीला ते एकटेच घेऊन जाणार आहेत. तिच्या दुपट्यांची पिशवी कोठे असते, एवढे मात्र त्यांनी विचारून घेतले.